‘ब्रिलियंट’ कोणाला म्हणावं आणि कधी

सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: हुशार मुलांच्या शिफारसपत्रात मी सरसकट ‘ब्रिलियंट’ लिहिते. परदेशी अर्ज करणारा एक विद्यार्थी म्हणाला, मॅडम, तो शब्द नको. इकडे माझा भाचा लीड्सला नोकरीला आहे आणि त्याच्या वरिष्ठ बाई त्याला उठता-बसता ब्रिलियंट म्हणतात. शब्दकोश उघडला तर ब्राइट, क्लेव्हर, ब्रिलियंट, इंटेलिजंट या सगळ्यांपुढे ‘हुशार, बुद्धिमान’ एवढंच. मग यांत फरक काय आणि कुठे कोणता वापरायचा?

मॅडम, आधी भाच्याचं बघू, कारण ते सोपं आहे. त्या बाई त्याला हुशार म्हणत नाहीयेत. त्यानं कळवलं की फाइल पाठवली, आणि पलीकडून ‘ब्रिलियंट, थँक्स’ असं आलं, तर त्याचा अर्थ आपल्या ‘बरं झालं’ किंवा ‘छान’ इतकाच. ब्रिटनमध्ये गेल्या काही दशकांत रोजच्या बोलण्यात या शब्दाचा भाव असा उतरला आहे. पाच वाजता येतो म्हटलं तरी ब्रिलियंट, पत्ता सापडला म्हटलं तरी ब्रिलियंट. मधल्या काळात तरुण मंडळी तर तो अर्धा तोडून नुसतं ‘ब्रिल’ म्हणत. अमेरिकन माणूस या जागी ‘ग्रेट’ किंवा ‘ऑसम’ म्हणतो आणि ब्रिलियंट बऱ्याच अंशी खऱ्या बुद्धीसाठी राखून ठेवतो. त्यामुळे तोच शब्द लंडनच्या साहेबानं म्हटला तर पावती समजावी आणि बॉस्टनच्या प्राध्यापकानं म्हटला तर घरी फोन करून सांगावं.

याची उलटी बाजूही भाच्याला सांगून ठेवा. ‘आय अ‍ॅम नॉट फीलिंग टू ब्रिलियंट टुडे’ असं कोणी म्हणालं तर त्याची बुद्धी चालत नाहीये असं नाही, तब्येत बरी नाही. आणि गाडी रद्द झाल्याची घोषणा ऐकून शेजारचा प्रवासी सपाट आवाजात ‘ओह, ब्रिलियंट’ म्हणाला, तर ते आपलं ‘झालं! आता हेच राहिलं होतं’. समोरासमोर सूर कळतो. मेलमध्ये सूर नसतो, तिथे मी एवढंच पाहतो की आधीची बातमी चांगली होती की वाईट. वाईट बातमीवर एकटं ‘ब्रिलियंट’ आलं तर तो टोमणा आहे, त्यावर ‘थँक यू’ म्हणू नये.

मग इतका स्वस्त झालेला शब्द शिफारसपत्रात का खटकतो? कारण तो सगळीकडे स्वस्त झालेला नाही. वाक्यात तो कुठे बसतो त्यावर त्याची किंमत ठरते. एकटा, उद्गार म्हणून आला की चिल्लर. पण ‘अ ब्रिलियंट मॅथेमॅटिशियन’ असं नामाच्या आधी, माणसाला लावून आला की लीड्समध्येही तो पुऱ्या किमतीचा. तिथला माणूस सकाळी चहाला ब्रिलियंट म्हणेल, पण दुपारी एखाद्या उमेदवाराबद्दल तेच लेखी द्यायची वेळ आली की पेन थांबेल. आपल्याकडे नेमकं उलट होतं. बोलताना हा शब्द आपण जपून वापरतो आणि लेखी कागदावर मात्र उधळतो. दाखल्यावर, निरोपसमारंभाच्या भाषणात, वधूवरांच्या माहितीपत्रकात, क्लासच्या पाटीवर, सगळीकडे.

आता अर्थाकडे. ब्रिलियंटचं पहिलं काम प्रकाशाचं आहे. फ्रेंच ‘ब्रिये’ म्हणजे चमकणं, त्यावरून ‘चमकणारा’ हे विशेषण, आणि ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजीत आलं. माणसाच्या बुद्धीला ते लागलं त्यानंतर. फ्रेंचमध्ये ते इटालियन ‘ब्रिल्लारे’वरून आलं. त्याच्याही मागे गेलं तर बरेच कोशकार लॅटिन ‘बेरिलुस’ या रत्नाच्या नावाशी पोचतात. सगळ्यांचं यावर एकमत नाही, पण वाट मोठी गमतीची आहे, कारण बेरिलुस हे ग्रीकमधून आलेलं आणि ग्रीकमध्ये ते गेलं आपल्याकडून: संस्कृतात वैडूर्य, पालीत वेळुरिय. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला की ही रत्नं भारतातून येतात, इतरत्र क्वचितच मिळतात. जर्मनमध्ये चष्म्याला ‘ब्रिलं’ म्हणतात तेही याच रत्नावरून, कारण सुरुवातीची भिंगं या पारदर्शक दगडाची घासत. आज नवरत्नांत आपण ज्याला वैडूर्य किंवा लसण्या म्हणतो तो दगड निराळा. तेव्हा तुमच्या वर्गात कोणी ‘हे सगळं आपल्याकडूनच गेलं’ म्हणून उड्या मारायला लागलं तर रत्नाचं नाव गेलं इतकंच सांगा.

हा शब्द नीट समजायचा असेल तर हिऱ्याकडे बघावं, कारण जवाहिऱ्यांकडे ‘ब्रिलियंट’ हे नामही आहे. गोल ब्रिलियंट म्हणजे ठरावीक पद्धतीनं पैलू पाडलेला हिरा. वरच्या भागात 33 पैलू आणि खालच्या निमुळत्या भागात 24, टोक सपाट घासलं तर 25, म्हणजे एकूण 57 किंवा 58. अँटवर्पच्या हिरेव्यापारी घराण्यातल्या मार्सेल टोलकोव्स्की या अभियंत्यानं 1919 मध्ये या कोनांचं गणित मांडलं: वरचे पैलू सुमारे साडेचौतीस अंशांवर, खालचे पावणेएक्केचाळीसच्या आसपास. हे कोन का महत्त्वाचे? हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, 2.42, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश पैलूच्या लंबापासून साडेचोवीस अंशांहून तिरका पैलूवर आदळला की बाहेर न पडता आत परावर्तित होतो. कोन बरोबर असतील तर वरून शिरलेला प्रकाश खालच्या दोन पैलूंवर आपटून पुन्हा वरूनच, बघणाऱ्याच्या डोळ्यात येतो. कोन चुकले तर तो खालून गळून जातो आणि तोच अस्सल दगड काचेसारखा निस्तेज दिसतो.

सराफाकडे हिरा दिव्याखाली चिमट्यात धरून फिरवतात ते याच्यासाठीच. पांढरा प्रकाश किती परत येतो त्याला ब्रिलियन्स म्हणतात, रंगांची ठिणगी उडते त्याला फायर, आणि हलवताना जी लुकलुक होते तिला सिंटिलेशन. तिन्ही वेगळ्या गोष्टी. पाहणाऱ्यापर्यंत परत पोचलेला प्रकाश, हे त्यातलं ब्रिलियन्स.

माणसाला हा शब्द लावताना हीच अट लागू होते. एखाद्याच्या डोक्यात खूप काही आहे, पण ते कोणाला दिसलेलं नाही, तर त्याला इंटेलिजंट म्हणता येईल, ब्रिलियंट नाही. ब्रिलियंटसाठी काहीतरी घडावं लागतं आणि ते बघून समोरच्याचे डोळे दिपावे लागतात. एखादं उत्तर, एखादी खेळी, एखादं भाषण, एखादी शस्त्रक्रिया. म्हणून हे विशेषण माणसापेक्षा त्याच्या कामाला जास्त शोभतं. मी शिकवताना आणि भाषांतर करताना हाच एक नियम धरून चालतो: आधी काम दाखवा, मग त्या कामाला ब्रिलियंट म्हणा, माणसाला म्हणायची गरज बहुतेक वेळा उरतच नाही.

बुद्धिबळात हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं. डाव लिहून घेताना चांगल्या खेळीपुढे एक उद्गारचिन्ह आणि ब्रिलियंट खेळीपुढे दोन. संगणकाच्या दृष्टीनं अचूक असलेल्या खेळी एका डावात तीस-तीस असतात, त्यांना कोणी दोन उद्गारचिन्हं देत नाही. वजीर डोळ्यांदेखत मरायला ठेवला, सगळ्यांना वाटलं हा फसला, आणि चार खेळ्यांनी कळलं की राजाला वाटच उरलेली नाही, तिथे ती मिळतात. अशा डावांना वेगळं बक्षीस द्यायची प्रथा 1876 मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेपासून सुरू झाली. ते पहिलं ‘ब्रिलियन्सी प्राइझ’ हेन्री बर्डला जेम्स मेसनविरुद्धच्या डावासाठी मिळालं. स्पर्धा जिंकणं वेगळं आणि हे बक्षीस वेगळं. स्पर्धेत मागे राहिलेल्या खेळाडूचाही एखादा डाव ब्रिलियंट असू शकतो, आणि विजेत्याचे सगळे डाव भक्कम पण बिनचमकीचे असू शकतात.

इंग्रजीत ‘ब्रिलियंट’नंतर ‘बट’ फार येतो तो याचमुळे. ब्रिलियंट बट एरॅटिक म्हणजे ब्रिलियंट पण लहरी, ब्रिलियंट बट लेझी. हिंदुस्तानी शिक्षकाला यात विरोध वाटतो, कारण आपल्या ‘हुशार’मध्ये थोडी शिस्त, थोडा अभ्यासूपणा, वेळेवर वही पूर्ण करणं असं सगळं येतं. मूळ फारसी शब्दातच होश आहे, म्हणजे भान, सावधपणा. जो सावध तो हुशार. ब्रिलियंटमध्ये सावधपणा मुळीच नाही. उलट तो शब्द ऐकला की इंग्रज वाचक मनातल्या मनात पुढच्या ‘पण’ची वाट बघतो.

आता ब्राइट. हाही प्रकाशाचाच, पण घराणं निराळं. ब्रिलियंट फ्रेंचकडून आलेला पाहुणा, ब्राइट इंग्रजीच्या जुन्या घरातला. भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतातल्या ‘भ्राजते’शी, म्हणजे चमकतो याच्याशी जोडतात. रॉबर्ट, अल्बर्ट, हर्बर्ट या नावांच्या शेवटी तोच ‘ब्राइट’ झिजून बसला आहे. व्यवहारात मात्र लक्षात ठेवायची गोष्ट ही की ब्राइट हा वरून खाली म्हणायचा शब्द आहे. शिक्षकानं विद्यार्थ्याबद्दल, मुलाखत घेणाऱ्यानं नवख्या उमेदवाराबद्दल, आजोबांनी नातवाबद्दल. त्यात ‘पुढे काहीतरी करेल’ हा भाव आहे, अजून केलेलं नाही. म्हणून ब्राइट चाइल्ड, ब्राइट फ्यूचर. तुमच्या प्राचार्यांबद्दल तुम्ही ‘ही इज अ ब्राइट मॅन’ लिहिलंत तर व्याकरण बरोबर, पण वाचणाऱ्याला वाटेल की पाठीवर थाप मारली. आणि ‘नॉट व्हेरी ब्राइट’ ही इंग्रजीतली सभ्य शिवी आहे. ‘हूज ब्राइट आयडिया वॉज धिस?’ याचं मराठी ‘ही अक्कल कोणाची?’ इतकं नेमकं जमतं की भाषांतर करताना दुसरा पर्याय शोधावा लागत नाही.

क्लेव्हरला ब्रिटनमध्ये मुलांच्या कौतुकात जागा आहे, पण मोठ्या माणसाबद्दल तो आला की चलाखपणाचा वास येतो. ‘टू क्लेव्हर बाय हाफ’ म्हणजे आपला दीडशहाणा. त्यांनीही अर्धा जादा मोजला आणि आपणही, दोघांनी एकमेकांना न विचारता. स्मार्टचं तर दोन्ही किनाऱ्यांवर वेगळं. अमेरिकेत तो सरळ हुशार, ब्रिटनमध्ये आधी नीटनेटका कपडा, आणि आपल्याकडे ‘मुलगी स्मार्ट आहे’ म्हटलं की बुद्धीचा विषय निघालाच आहे असं धरून चालू नये. इंटेलिजंट कुठेही चालतो आणि कुठेच उठून दिसत नाही. जिथे शंका असेल तिथे तोच लिहा.

महाराष्ट्रातल्या लोकांसाठी एक वेगळाच खड्डा आहे, तो म्हणजे ‘स्कॉलर’. शिष्यवृत्ती परीक्षेनं तो आपल्या तोंडी बसवला. आधी चौथी-सातवीला असायची, मधली काही वर्षं पाचवी-आठवीला होती, त्यात जो यादीत आला तो स्कॉलर. तिथून पुढे वर्गातला पहिला नंबर म्हणजे स्कॉलर, आणि मग टोमणा म्हणूनही, ‘आलास का स्कॉलर?’ मराठीत हे सगळं झकास चालतं. इंग्रजीत मात्र स्कॉलर म्हणजे एखाद्या विषयात आयुष्य घालवलेला अभ्यासक, किंवा विशिष्ट शिष्यवृत्ती घेऊन शिकणारा. ‘माय सन इज अ स्कॉलर’ वाचून परदेशी प्रवेश कार्यालयातला माणूस विचारेल, कशाचा? हा शब्द पत्रात लिहायचाच असेल तर त्याच्यापुढे शिष्यवृत्तीचं पूर्ण नाव आणि वर्ष लिहा.

आता व्याकरणाच्या ज्या जागा लोकांना अडवतात त्या. ‘व्हेरी ब्रिलियंट’ टाळा. ब्रिलियंट मुळातच टोकाचा शब्द आहे, त्याला आणखी ‘फार’ लावलं की आपण ‘फार सर्वोत्तम’ म्हणतो तसं होतं. जोर हवाच असेल तर अ‍ॅब्सोल्यूटली ब्रिलियंट, ट्रूली ब्रिलियंट. ब्राइट आणि इंटेलिजंट यांना मात्र व्हेरी खुशाल लावा.

‘क्वाइट’ हा त्याहून घातकी. इंग्रजांच्या इंग्रजीत ‘क्वाइट ब्रिलियंट’ म्हणजे अगदीच ब्रिलियंट, पण ‘क्वाइट ब्राइट’, ‘क्वाइट इंटेलिजंट’ म्हणजे बरा आहे, बऱ्यापैकी आहे. टोकाच्या शब्दाला क्वाइट लागला की तो पूर्णत्व दाखवतो, साध्या शब्दाला लागला की हात आखडता घेतो. अमेरिकेत दोन्हीकडे तो ‘खूप’च्या जवळ जातो. आपल्याकडचे शिक्षक ‘शी इज क्वाइट इंटेलिजंट’ मोठ्या प्रेमानं लिहितात आणि मँचेस्टरमध्ये ते वाचलं जातं ‘ठीक आहे, चालेल’. तो शब्द शिफारसपत्रातून काढूनच टाका, त्याच्यावाचून कोणाचंच काही अडत नाही.

विषयासाठी ‘अ‍ॅट’ वापरा: ब्रिलियंट अ‍ॅट मॅथ्स, ब्रिलियंट अ‍ॅट सॉल्व्हिंग पझल्स. माणसांशी वागण्यासाठी ‘विथ’: ब्रिलियंट विथ चिल्ड्रन, आणि इथे बुद्धीचा काही संबंध नाही, मुलांना तो छान सांभाळतो एवढंच. नाटकातल्या भूमिकेसाठी ‘इन’ बरोबर आहे. ‘ब्रिलियंट इन स्टडीज’ हे आपलं घरगुती इंग्रजी. कळतं सगळ्यांना, पण तिथला वाचक तसं लिहिणार नाही. रंग आणि उजेडासाठी जुना अर्थ अजून ठणठणीत आहे: ब्रिलियंट सनशाइन, ब्रिलियंट ब्लू. ब्रिटनमधल्या रंगाच्या डब्यावर ‘ब्रिलियंट व्हाइट’ लिहिलेलं असतं तो भिंतीला द्यायचा पांढराशुभ्र रंग. आपल्या आजोबांच्या पिढीत केसांना लावायचं ब्रिलियंटाइन मिळायचं तेही याच कुळातलं, केस चमकवणारं.

शिफारसपत्रावर जरा जास्त बोलतो, कारण मूळ प्रश्न तिथला आहे. आपलं नेहमीचं पत्र असं असतं: ‘शी इज अ व्हेरी ब्रिलियंट, सिन्सिअर अँड ओबीडियंट स्टुडंट ऑफ अवर कॉलेज.’ तीन विशेषणं, आणि मुलगी कुठेच दिसत नाही. याच वाक्यात नाव बदलून पन्नास मुलांची पत्रं निघू शकतात आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं. तुमच्या विद्यार्थ्याचा आक्षेप शब्दावर असेल तर अर्धाच बरोबर आहे. शब्दाच्या मागे काही नसणं हा खरा आक्षेप.

समजा तुम्ही बारावीला भौतिकशास्त्र शिकवता. बारा सारख्या रोधांचा तारेचा घन फळ्यावर काढलात आणि विचारलंत की एका कोपऱ्यापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यापर्यंत एकूण रोध किती. वर्ग विजेच्या मंडलांसाठीचे किरचॉफचे नियम लावून समीकरणं मांडत बसला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, या कोपऱ्यातून निघणाऱ्या तिन्ही वाटा सारख्याच आहेत, म्हणजे प्रवाह तिथे तीन ठिकाणी सारखा वाटला जाणार, पुढे प्रत्येकाचे दोन म्हणजे सहा, आणि शेवटी पुन्हा तीन. वाटेतल्या तीन तारांत प्रवाहाचे वाटे एक तृतीयांश, एक षष्ठांश, एक तृतीयांश, बेरीज पाच षष्ठांश. तर उत्तर एका रोधाच्या पाच षष्ठांश. ही रीत पुस्तकात आहे, पण तुम्ही ती अजून शिकवलेली नव्हती आणि तिनं ती जागच्या जागी ओळखली. हे पत्रात चार ओळींत लिहा आणि खाली एकच वाक्य टाका: ‘इट वॉज अ ब्रिलियंट पीस ऑफ रीझनिंग.’ वाचणारा माणूस भौतिकशास्त्रातला असेल तर त्याला घन दिसेल, मुलगी दिसेल, आणि तुमच्या शब्दावर त्याचा विश्वास बसेल. मग ‘सिन्सिअर’ लिहिलं नाही तरी चालतं. ‘ओबीडियंट’ तर लिहूच नका. तिकडे तो शब्द पदवीच्या उमेदवाराला लावत नाहीत, पाळीव कुत्र्याला लावतात.

आणि अशी घटना आठवतच नसेल तर? मग तो विद्यार्थी ब्रिलियंट नाही, किंवा तुम्ही त्याला तेवढं जवळून पाहिलेलं नाही. दोन्ही बाबतींत पत्रात तो शब्द नको. चिकाटी असेल तर चिकाटीचं उदाहरण द्या. परदेशी विभागांना वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत टिकणारी माणसं हवी असतात, आणि बारा वेळा फसलेला प्रयोग तेराव्यांदा मांडणाऱ्या मुलाची चार ओळींची हकिगत पोकळ ब्रिलियंटपेक्षा कितीतरी जड पडते.

इथे एक नाजूक मुद्दा आहे, पण सांगायलाच हवा. आपण हा शब्द मुलग्यांसाठी जास्त सहज काढतो. मुलगी पहिली आली की ‘फार कष्टाळू आहे हो’, मुलगा पहिला आला की ‘डोकं काय आहे पोराचं!’ हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाची तीनशेहून जास्त शिफारसपत्रं तपासून 2003 मध्ये दोन संशोधकांनी दाखवलं की स्त्रियांच्या पत्रांत मेहनतीची विशेषणं जास्त येतात. पुढे सारा-जेन लेस्ली, आंद्रेइ सिंपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडलं की ज्या विषयांतले लोक ‘इथे जन्मजात ब्रिलियन्स लागतं’ असं मानतात, उदाहरणार्थ तत्त्वज्ञान, गणित, भौतिकशास्त्र, तिथे पीएच.डी. करणाऱ्या स्त्रिया कमी सापडतात. 2017 मध्ये त्याच गटाला लहान मुलांत आढळलं की पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून बाईकडे बोट दाखवतात, पण सहा-सात वर्षांच्या झाल्या की ते कमी होतं. म्हणजे शब्द कुठे जातो ते पोरींना पहिलीतच कळतं. तेव्हा तुमच्या जुन्या पत्रांच्या फायली काढा आणि ब्रिलियंट कोणाला, हार्डवर्किंग कोणाला, ते एकदा वाचून बघा.

वर्गात तोंडी कौतुक करतानाही हात राखून. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांत ज्यांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं ती मुलं पुढचा अवघड पेपर फसल्यावर लवकर खचली, आणि ज्यांच्या प्रयत्नांचं कौतुक झालं ती टिकून राहिली. ‘तू ब्रिलियंट आहेस’ पेक्षा ‘ही तुझी तिसरी पायरी ब्रिलियंट आहे’ म्हणणं म्हणूनच बरं. पायरी फसली तर पोर दुसरी शोधेल. ‘आपण ब्रिलियंट नाही’ असं एकदा डोक्यात बसलं तर त्यावर उपाय शोधत बसावं लागतं.

उलट दिशेनं, म्हणजे इंग्रजीतून मराठीत आणताना, शब्दकोशातला ‘बुद्धिमान’ क्वचितच उपयोगी पडतो. तल्लख चालतं ते झटपट समजणाऱ्याला, कुशाग्र चालतं ते बारीक भेद पाहणाऱ्याला, प्रतिभावान चालतं ते काही नवं निर्माण करणाऱ्याला. प्रकाश आणि बुद्धी दोन्ही एका शब्दात हवे असतील तर तेजस्वी जवळ जातो, पण त्याला आपण चेहऱ्याचं आणि चारित्र्याचं तेजही चिकटवलं आहे, त्यामुळे व्यसनी, बेशिस्त पण ब्रिलियंट अशा पात्राला तो बसत नाही. अशा वेळी मी विशेषण सोडून देतो आणि क्रियापद घेतो: ‘त्यानं डोळे दिपवले’, ‘सगळे थक्क झाले’. ‘अ ब्रिलियंट करिअर’ला ‘देदीप्यमान कारकीर्द’ ठरलेलं आहे आणि ते चांगलं आहे. आणि संवादातलं एकटं ‘ब्रिलियंट!’ आलं तर बोलणारा कोण ते बघून झकास, भारी, लय भारी, मस्त, जे त्याच्या तोंडी शोभेल ते. तिथे ‘तेजस्वी!’ लिहिणारे भाषांतरकार मी पाहिले आहेत.

राहिला उच्चार आणि स्पेलिंग. उच्चार ‘ब्रिल्यंट’, दोन अवयवांचा, जोर पहिल्यावर. ‘ब्रि-लि-अंट’ असं तीन अवयवांत म्हटलं तरी कोणी अडवत नाही. स्पेलिंगमध्ये एल दोन, त्यानंतर आय, आणि शेवटी ए-एन-टी. आपल्याकडे बहुतेक वेळा एक एल गळतो किंवा ए-च्या जागी ई येतो. दोन एलनंतरचा आय राहून गेला तर होतं ते फ्रेंच स्पेलिंग, पण तपासणारा ते फ्रेंच समजून गुण देणार नाही.